कोठून आले, कधी आले : संग्रहांच्या नोंदींचा इतिहास

ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालये यांचा इतिहास सांगताना आपण बहुधा इमारतींबद्दल, राजांबद्दल आणि आगींबद्दल बोलतो. अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय जळाले, नालंदा उद्ध्वस्त झाले, बगदादचे ग्रंथ गेले, एवढे शाळेतल्या पुस्तकांनी आपल्याला शिकवलेले असते. नागपुरात वाढलेल्या कोणाही माणसाप्रमाणे मीही सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, लहानपणापासून जात आलो आणि पुढे आमच्या वस्तीतील एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाच्या कामात सहभागी झालो. त्या कामात माझे लक्ष हळूहळू एका कमी झगमगीत गोष्टीवर खिळले. ती गोष्ट म्हणजे नोंद. ग्रंथ कोणता, कोणाचा, कोठून आला, कधी आला, कोणी दिला, हे ज्या वहीत लिहिलेले असते, त्या वहीशिवाय संग्रह ही नुसती साठवण असते, आणि नोंद गमावलेली वस्तू डोळ्यांसमोर असूनही निम्मी हरवलेली असते, असे माझे ठाम मत झाले आहे. हा लेख त्या नोंदींच्या इतिहासाविषयी आहे.

सुरुवात इराकमधील निनेवेपासून करावी लागते. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात ॲसिरियाचा राजा असुरबानिपाल याने आपल्या राजवाड्यात कीलाकार लिपीतील मातीच्या पाट्यांचा प्रचंड संग्रह केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या उत्खननांत या संग्रहाच्या सुमारे ३०,००० पाट्या आणि त्यांचे तुकडे सापडले. इ. स. पू. ६१२ मध्ये निनेवे पडले आणि जाळले गेले, तेव्हा त्या आगीत कच्च्या मातीच्या अनेक पाट्या भाजून उलट अधिक पक्क्या झाल्या, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. मला तिच्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते पाटीच्या शेवटी असलेले समाप्तिलेख. एखादी रचना अनेक पाट्यांवर पसरलेली असेल, तर प्रत्येक पाटीच्या अखेरीस त्या रचनेचे नाव, पाटीचा क्रमांक आणि पुढील पाटीची पहिली ओळ लिहिलेली असे. त्यानंतर ही पाटी असुरबानिपालाच्या राजवाड्यातील आहे असे निवेदन आणि ती पळवणाऱ्याला देवांचा शाप. अडीच हजार वर्षांनी जॉर्ज स्मिथ या अभ्यासकाने लंडनमध्ये गिल्गमेशाच्या कथेतील महापुराचा भाग १८७२ मध्ये ओळखला. ती त्या मालिकेतील अकरावी पाटी होती. तुकड्यांच्या ढिगातून अशा मालिका पुन्हा जुळवता आल्या, याचे मोठे श्रेय त्या निनावी लेखनिकांच्या क्रमांकांना आहे.

त्याच भूमीत, दक्षिणेकडील उर नगरात, लिओनार्ड वूली यांना १९२५ मध्ये एक चमत्कारिक दालन सापडले. बाबिलोनचा शेवटचा राजा नबोनिडस याची कन्या एन्निगल्दी-नन्ना ही तेथे चंद्रदेवाची मुख्य पुजारीण होती आणि तिच्या निवासाच्या एकाच जमिनीवर निरनिराळ्या शतकांतील वस्तू शेजारी शेजारी पडलेल्या होत्या : एका राजाच्या पुतळ्याचा तुकडा, एक सीमाशिला, मातीचे कोरीव शंकू. काळांची ही सरमिसळ कशी झाली याचा उलगडा करण्यास वूलींना ढोलकाच्या आकाराच्या एका मातीच्या वस्तूची मदत झाली. तिच्यावर उरच्या एका प्राचीन राजाच्या विटांवरील लेखांच्या नकला होत्या, आणि सोबत लिहिले होते की या विटा उरच्या सुभेदाराला जुन्या वास्तूचा आराखडा शोधताना अवशेषांत मिळाल्या आणि बघणाऱ्यांना नवल वाटावे म्हणून मी त्यांची नक्कल केली. हे दालन म्हणजे जगातील पहिले वस्तुसंग्रहालय होय, असे वूलींनी मानले. सर्व अभ्यासक ते मान्य करीत नाहीत. दालनाला काय म्हणायचे तो वाद बाजूला ठेवला, तरी ते लिखाण मात्र निर्विवाद आहे : वस्तू काय आहे, कोणाला, कोठे आणि काय करताना मिळाली, आणि नक्कल कशासाठी केली. आजही संग्रहालयातील माहितीफलकाने याहून अधिक काही सांगायचे नसते, आणि पुष्कळदा तो एवढेही सांगत नाही.

अलेक्झांड्रियाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण त्याविषयी फार लिहिले गेले आहे. टॉलेमी राजांच्या आश्रयाने इ. स. पू. तिसऱ्या शतकात ते उभे राहिले. बंदरात येणाऱ्या जहाजांवरील ग्रंथ जप्त करून त्यांची नक्कल मालकाला परत देत आणि मूळ प्रत ठेवून घेत, असे वैद्य गॅलेनने लिहून ठेवले आहे. ही सरळ सरळ जबरदस्ती होती. परंतु त्या प्रतींवर ‘जहाजांवरून आलेले’ असा शेरा मारला जात असे, हेही गॅलेनच सांगतो. कॅलिमॅकस या कवीने तेथे १२० गुंडाळ्यांची एक सूची तयार केली, तिचे नाव ‘पिनाकेस’. तिच्यात लेखकांचे विषयवार वर्गीकरण, त्यांचे थोडक्यात चरित्र, ग्रंथाची पहिली ओळ आणि ओळींची संख्या दिलेली होती. ही सूचीही नष्ट झाली. तिचे जे काही अंश उरले आहेत, ते इतरांनी घेतलेल्या उताऱ्यांमुळे.

सूचीने ग्रंथापेक्षा दीर्घायुषी व्हावे याचे सर्वांत मोठे उदाहरण बगदादमध्ये घडले. इब्न अल-नदीम हा दहाव्या शतकातील ग्रंथविक्रेता. त्याने अरबी भाषेत उपलब्ध असलेल्या सर्व ग्रंथांची, मग ते मूळ अरबी असोत किंवा भाषांतरित, एक विषयवार सूची इ. स. ९८७-८८ च्या सुमारास सिद्ध केली. ‘फिहरिस्त’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. १२५८ मध्ये मंगोल सैन्याने बगदाद घेतले, आणि त्याच्या आधी व नंतर कितीतरी ग्रंथ काळाने नेले. त्यांपैकी अनेकांचे अस्तित्व आज आपल्याला कळते ते या एका सूचीमुळे. आपल्या दृष्टीने विशेष हे, की त्यात भारतीय वैद्यकग्रंथांच्याही नोंदी आहेत. बरमकी घराण्यातील वजीर याह्या याच्या आज्ञेने मंका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुताचे भाषांतर सांगितले, ही नोंद त्यातलीच. दुकानदाराला माल काय आहे हे ठाऊक असावे लागते, तसे या माणसाला एका संपूर्ण संस्कृतीचा माल ठाऊक होता. राजांनी बांधलेल्या ग्रंथालयांहून या एकट्या माणसाच्या कामाबद्दल मला अधिक आदर वाटतो.

नालंदाच्या बाबतीत हे आपल्याला लाभले नाही. तेथील ग्रंथालयाच्या तीन भव्य इमारतींची नावे, रत्नसागर, रत्नोदधी आणि रत्नरंजक, आपल्याला तिबेटी परंपरेतून कळतात, परंतु त्या इमारतींत नेमके कोणते ग्रंथ होते त्याची यादी भारतात उरली नाही. ह्युएन त्संग इ. स. ६४५ मध्ये चीनला परतला तेव्हा त्याने भारतातून ६५७ ग्रंथ ५२० गठ्ठ्यांतून नेले आणि त्यांतले कोणत्या पंथाचे किती, हे तिकडे बारकाईने लिहून ठेवले गेले. आपले बौद्ध ग्रंथ आपल्याला पुढे चिनी आणि तिबेटी सूचींवरून शोधावे लागले. हे लिहिताना खंत वाटते.

तथापि आपल्याकडे नोंदीची परंपराच नव्हती, असे म्हणणे चुकीचे ठरेल. आपल्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते. तीत शक-संवत, तिथी, वार, गाव, लेखनिकाचे नाव आणि ज्याच्यासाठी पोथी लिहिली त्याचे नाव येते. जोडीला पोथीच्याच तोंडी घातलेला एक श्लोक असतो :

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असे पोथी सांगते. पहिले तीन उपदेश आजही कोणत्याही ग्रंथपालाला मान्य व्हावेत. चौथ्याने मात्र आपले फार नुकसान केले. मूर्ख कोण हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांनी जातीवरून आणि पंथावरून ते ठरवले आणि पोथ्या बासनात राहिल्या.

या दोन्ही गोष्टी, जतन आणि बंदिस्तपणा, आपल्या विदर्भात एकत्र पाहायला मिळतात. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे दिगंबर जैनांची जुनी पीठे आहेत. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ या दिगंबर मुनिपरंपरांच्या तेथील मंदिरांत भट्टारकांनी, म्हणजे पीठप्रमुखांनी, शतकानुशतके पोथ्या सांभाळल्या. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, शास्त्रांची पूजा करण्याची दिगंबरांची प्रथा आहे, आणि पूजेच्या निमित्ताने पोथ्या बाहेर निघत, झाडल्या जात, पुन्हा वेष्टनात बांधल्या जात. श्रद्धेने केलेले हे काम कोणत्याही आधुनिक संवर्धनाच्या तोडीचे होते. मात्र विद्वानांच्या जगाला त्या पोथ्यांची कल्पना नव्हती. ती आली ती सूचीमुळे. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची तयार केली आणि ती १९२६ मध्ये येथे नागपुरात छापली गेली. कारंज्याच्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष त्यानंतर गेले. पुढच्या काही वर्षांत पुष्पदंताची दहाव्या शतकातील काव्ये, ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’, कारंज्याहूनच संपादित होऊन प्रसिद्ध झाली. त्यांपैकी दुसऱ्याचे संपादन अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी केले. नावसाधर्म्यामुळे या दोन हिरालालांची गल्लत अनेकदा होते, म्हणून हा खुलासा. मराठीच्या आधीची भाषा समजून घेण्यासाठी अपभ्रंश वाङ्मयाला पर्याय नाही, आणि ते वाङ्मय उजेडात येण्यात नागपुरात छापलेल्या एका यादीचा वाटा आहे, हे आपल्या शहरात फार थोड्यांना ठाऊक असते.

महानुभावांची कथा याहून विलक्षण आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ऋद्धिपूरला चक्रधरस्वामींच्या लीळा संकलित केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून. पुढे मूळ पोथी धाडीत गेली असे परंपरा सांगते, आणि अनेकांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, त्यामुळे पाठभेद निर्माण झाले. ते पाठभेद निरनिराळ्या परंपरांच्या नावांनी सांभाळले गेले, यातली प्रामाणिक शिस्त मला थक्क करते. परंतु पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले आणि ती लिपी बाहेरच्यांना विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वाचता येत नव्हती. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ, ‘लीळाचरित्र’, त्यामुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाबाहेर कित्येक शतके राहिला. नागपुरातील ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी पुढे त्याचे संपादन करून तो सर्वांसमोर आणला.

युरोपात आधुनिक संग्रहालय जन्मले ते राजे-सरदारांच्या नवलकोठ्यांतून. १६८३ मध्ये ऑक्सफर्डचे ॲशमोलियन लोकांसाठी उघडले, हॅन्स स्लोन या वैद्याचा सुमारे ७१,००० वस्तूंचा संग्रह विकत घेऊन १७५३ मध्ये ब्रिटिश म्युझियम स्थापन झाले, आणि १७९३ मध्ये क्रांतिकारी फ्रान्सने लूव्र राजवाडा सार्वजनिक केला. हे टप्पे कोणत्याही पुस्तकात मिळतील. त्याच फ्रान्समधली एक छोटी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. चर्च आणि सरदार यांच्याकडून जप्त केलेल्या लक्षावधी ग्रंथांची यादी करण्याचे काम १७९१ मध्ये निघाले, तेव्हा खेळण्याच्या पत्त्यांच्या कोऱ्या मागच्या बाजूवर एकेका ग्रंथाची नोंद करण्याची पद्धत ठरवण्यात आली. त्या काळी पत्त्यांची पाठ कोरी असे. वहीत लिहिलेल्या यादीत मध्येच नवी नोंद घुसवता येत नाही, पत्ते मात्र हवे तसे लावता येतात. ग्रंथालयांतील कार्डांच्या कपाटाचा हा पूर्वज होय.

लंडनमध्ये अँटोनिओ पॅनिझी या इटलीतून परागंदा झालेल्या वकिलाने ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथसूचीसाठी ९१ नियम रचले आणि ते १८४१ मध्ये छापले गेले. एवढ्या नियमांची गरज काय, म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली. त्याने त्यापूर्वीच संसदेच्या समितीपुढे आपली भूमिका सांगितली होती : गरीब विद्यार्थ्याला ज्ञान शोधण्याची तीच साधने मिळाली पाहिजेत, जी राज्यातील सर्वांत श्रीमंत माणसाला मिळतात. श्रीमंताच्या घरी ग्रंथ आणि ते शोधून देणारा माणूस दोन्ही असतात. गरिबाला ग्रंथ शोधून देणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे चांगली सूची. ग्रंथसूची हा सामाजिक न्यायाचा विषय आहे हे इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच कोणी सांगितले असेल.

आता नागपूर. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि १८६३ मध्ये, मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या काळात, अजब बंगला सुरू झाला. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचा बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात बुडून मृत्यू झाला. टाकळघाटची शिळावर्तुळे पाहण्यासाठी तो त्या भागात गेला होता. या माणसाने नागपूर परिसराचा भूगर्भ पायी आणि घोड्यावरून धुंडाळला होता. टाकळीच्या लाव्हाथरांमधील वनस्पतींचे जीवाश्म, पिसदुऱ्याची प्रचंड हाडे, चंद्रपूर जिल्ह्यातील मांगलीच्या दगडात सापडलेली उभयचर प्राण्याची कवटी, अशा वस्तूंचे गाव आणि थर तो लिहून ठेवी. मांगलीच्या त्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केले. नमुने परदेशी गेले, हे दुःख आहेच. पण गावांची नावे लिहिलेली होती, म्हणून पुढचे भूशास्त्रज्ञ पुन्हा त्याच जागी जाऊ शकले. गोंडांविषयीची त्याची टिपणे आणि एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या भाटाकडून, उतरवून घेतलेले लिंगो या त्यांच्या आद्य वीराचे गोंडी गीत टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले, म्हणून तेही उरले.

१८७० मध्ये तत्कालीन मध्य प्रांतातील बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया येथे तांब्याची ४२४ अवजारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे सापडले. नुसत्या तांब्याचे वजन सुमारे ३७५ किलो होते. भारतात सापडलेला हा ताम्रयुगीन वस्तूंचा सर्वांत मोठा साठा मानला जातो. त्या वस्तू नागपूर आणि लंडनसह वेगवेगळ्या संग्रहांत विभागल्या गेल्या. बैलाच्या मुखवट्याच्या आकाराचे चांदीचे पत्रे पाहिल्यावर, हे कोणी घडवले आणि का पुरले, हा प्रश्न मनातून जात नाही. आज त्या साठ्याचा एकत्रित विचार करायचा, तर तो कागदावरच करता येतो. साठा ज्या वेळी मोजला गेला, त्या वेळी आकडे आणि वजन लिहून ठेवणाऱ्यांनी तो फुटण्यापूर्वीच आपल्यासाठी अखंड ठेवला. नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होते आणि आज मध्य प्रदेशात किंवा छत्तीसगडमध्ये असलेल्या मुलखातील वस्तूही येथे येत, त्यामुळे अजब बंगल्यातल्या कितीतरी गोष्टी आजच्या नकाशावरून समजत नाहीत, फक्त नोंदीवरून समजतात.

सार्वजनिक ग्रंथालयांचा आपल्याकडील इतिहास सयाजीराव गायकवाडांशिवाय सांगता येत नाही. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बडोद्यात आणले आणि ग्रंथांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण ही ग्रंथांचे विषयवार वर्ग पाडण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे त्यांतील दोन नियम पॅनिझीच्याच भूमिकेचे भारतीय रूप आहेत. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला, ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, अनुदान मिळू लागले, आणि अनुदानासाठी का होईना, दाखल नोंदवही ठेवणे खेड्यातल्या वाचनालयालाही बंधनकारक झाले. या कायद्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, अनुदान अपुरे असते हे प्रत्येक कार्यकर्ता जाणतो, परंतु नोंदवहीची सवय त्याने लावली हे मान्य केले पाहिजे.

आमच्या वाचनालयाच्या जुन्या नोंदवह्या मी वाचतो तेव्हा मला त्यांत वस्तीचा इतिहास दिसतो. दिनांक, दाखल क्रमांक, ग्रंथकार, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, किंमत, कोठून प्राप्त, शेरा, असे रकाने. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपूरच्या वस्त्यांत वाचनाची जी ओढ निर्माण झाली, विहारांतून वाचनालये आणि पुढे अभ्यासिका उभ्या राहिल्या, तिचा माग अशा वह्यांतून लागतो. ‘कोठून प्राप्त’ या रकान्यात एखाद्या गिरणी कामगाराने वर्गणी काढून दिलेला बाबासाहेबांचा ग्रंथ असतो, कोणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ आलेले कपाटभर साहित्य असते. ज्या बाबासाहेबांचे ग्रंथ १९१७ मध्ये जहाज बुडून समुद्रात गेले आणि ज्यांनी तरीही मुंबईतील आपल्या राजगृह या घरी पुन्हा मोठे ग्रंथालय उभे केले, त्यांच्या अनुयायांनी वर्गणीतून ग्रंथ जमवावेत यात मोठी संगती आहे.

सध्या आमच्याकडे या वह्यांची माहिती संगणकात भरण्याचे काम चालू आहे. जे सॉफ्टवेअर मिळाले आहे त्यात ग्रंथकार, शीर्षक, प्रकाशक, किंमत आणि विषय यांसाठी जागा आहे, ‘कोठून प्राप्त’ यासाठी नाही. गेली काही वर्षे जुन्या पोथ्या आणि ग्रंथ स्कॅन करून महाजालावर टाकण्याचा उत्साह सर्वत्र आहे, तो स्वागतार्हच आहे, पण पुष्कळ पीडीएफ कोणत्या गावच्या कोणत्या संग्रहातील प्रतीवरून केल्या याचा पत्ता त्यांवर नसतो. संपादकाला पाठ जुळवताना नेमकी हीच गोष्ट हवी असते. स्कॅन करणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे की पहिल्या पानाआधी एक कागद ठेवून त्यावर प्रतीचा मालक, गाव, दाखल क्रमांक आणि तारीख लिहावी आणि त्याचेही छायाचित्र घ्यावे. आमच्या संगणकातील कामापुरता आम्ही असा निर्णय घेतला आहे की देणगीदाराचे नाव आणि तारीख शेऱ्याच्या रकान्यात, वहीतील मूळ शब्दांत, भरायची आणि भरून झाल्यावरही जुन्या वह्या रद्दीत न काढता बांधून कपाटात ठेवायच्या. १९६० च्या दशकातील वही पूर्ण झाली आहे आणि त्यापुढची सुरू आहे.